अपघात कुणी केला ते लिहितो, माणूस का गेला ते कुठे लिहितो?

कॅज्युअल्टीच्या टेबलावर एक जाड, कोपरे झिजलेली वही असते. एमएलसी रजिस्टर, म्हणजे मेडिको-लीगल केसची, पोलिसांना कळवायच्या पेशंटची नोंदवही. अपघाताचा पेशंट आला की तिच्यात नाव, वय, कुठे लागलं, कुणी आणलं, कोणत्या पोलीस ठाण्याची हद्द, अंगावरच्या ओळखीच्या दोन खुणा, सगळं उतरवायचं. ठाणे परिसरात मी 22 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. निवृत्त झाले तरी कुणी पडल्याचं ऐकलं की हात आधी पेन शोधतो.

त्या वहीत गाडीचा नंबर सापडतो. माणूस का गेला ते सापडत नाही. म्हणजे 'हेड इंज्युरी' असं लिहिलेलं असतं. पण हेल्मेट होतं का, रस्त्यावर किती वेळ पडून होता, तोंडात रक्त साचून श्वास कोंडला होता का, आमच्याकडे आल्यावर रक्ताची पिशवी लागेपर्यंत किती वेळ गेला, यासाठी रकानाच नाही. पोलिसांना ते नको असतं आणि आम्हाला कुणी विचारत नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जखमी माणसं जास्त का मरतात, हा मोठा जागतिक प्रश्न मला तरी या न छापलेल्या रकान्यातच दिसतो.

आधी थोडे आकडे, मग सोडून देऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे 44 लाख माणसं इजांमुळे दगावतात. त्यात रस्ता, पडणं, बुडणं, भाजणं, मारहाण, आत्महत्या सगळं आलं. 2021 मध्ये नुसत्या रस्त्यांवर 11 लाख 90 हजार गेले. यातले 92 टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. जगातल्या गाड्या मात्र त्या देशांत साठेक टक्केच. आपल्या देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. रोजची साडेचारशेच्या वर. एखाद्या साथीने रोज एवढी माणसं नेली असती तर शाळा बंद झाल्या असत्या.

आता मूळ मुद्दा. आपण 'अपघात' म्हणतो तेव्हा मनात नशीब असतं. विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठच्या दशकात हा विचार उलटा केला. त्याचं म्हणणं साधं होतं: मलेरिया जसा जंतूमुळे होतो तशी इजा ऊर्जेमुळे होते. शरीराला सोसेल त्याहून जास्त ऊर्जा एकदम अंगावर आली की हाडं मोडतात, आतडी फाटतात, कातडी भाजते.

ही ऊर्जा डोळ्यांसमोर आणायची तर मजले मोजा. ताशी 40 किलोमीटरने कशाला तरी धडकणं म्हणजे जवळपास दुसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ताशी 60 ने धडकणं म्हणजे पाचव्या मजल्याच्या आसपासहून. वेग दीडपट झाला, उंची दुपटीहून जास्त वाढली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. घोडबंदर रोडवर रात्री साडेअकराला रस्ता मोकळा दिसला की बाइकवाली पोरं सुटतात. त्यांच्यातल्या एकालाही मी म्हटलं, की चल, पाचव्या मजल्याच्या कठड्यावर उभा राहा, तर तो राहणार नाही.

हॅडनने अपघाताचे तीन भाग पाडले: होण्याआधी, होताना, झाल्यावर. आणि प्रत्येक भागात माणूस, वाहन, परिसर यांत काय बदलता येईल ते शोधायचं. आपण मात्र पहिल्या भागातल्या माणसालाच धरून बसतो. 'चूक कुणाची?' घाना देशात आक्रा ते कुमासी या महामार्गावर सुहूम नावाचा नाका आहे, तिथे सारखे अपघात व्हायचे. भाषणं, पोस्टर असलं काही केलं नाही. रस्त्यावर रंबलर, म्हणजे आडवे बुटके उंचवटे टाकले. अपघात सुमारे 35 टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे 55 टक्क्यांनी कमी झाले. ड्रायव्हर तेच, बेशिस्त तीच, फक्त चाकाखाली खडखडाट झाला की पाय आपसूक ब्रेकवर जातो.

हेल्मेटचं तसंच. दुचाकीवर हेल्मेट असेल तर डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्क्यांनी आणि मरण्याचा 42 टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेलं आहे. व्हिएतनाम म्हणजे स्कूटरचाच देश. तिथे 15 डिसेंबर 2007 पासून सगळ्या रस्त्यांवर, मागे बसणाऱ्यालासुद्धा सक्ती झाली आणि ती खरोखर राबवली. वापर बघता बघता 90 टक्क्यांच्या वर गेला आणि पहिल्या काही महिन्यांतच रुग्णालयांत डोक्याच्या इजा 16 टक्क्यांनी, मृत्यू 18 टक्क्यांनी उतरले. आपल्याकडेही कायद्याने मागच्या सीटला हेल्मेट लागतं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं राहून मोजा किती जणांच्या डोक्यावर दिसतं ते. हेल्मेट असतं, नाही असं नाही. आरशाला लटकवलेलं असतं. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट आम्ही पेशंटसोबत वेगळ्या पिशवीत आलेलं बघायचो, कारण ते आपटण्याआधीच उडून गेलेलं असायचं.

रस्त्याबद्दल सगळेच बोलतात, म्हणून कारखान्यांकडे वळते. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या प्रेस शॉपमधून, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून आकार देतात त्या कारखान्यांतून, बोटं तुटलेली माणसं यायची. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असतील तेव्हाच प्रेस खाली यावा, म्हणजे हात आत राहू नये, अशी ती सोय. आणि नगावर पगार असला की एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवतात, दुसऱ्या हाताने माल सरकवतात. कामगाराला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण नगाचा दर कुणी ठरवला, ते 'होण्याआधी'च्या रकान्यात लिहायला हवं. बांधकामावर तेच. 10 सप्टेंबर 2023 ला बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात मजूर गेले. तिथे कुणाच्या डोक्यावर हेल्मेट होतं का, हा प्रश्न विचारायलाही अर्थ उरत नाही.

आणि लोकल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास मृत्यू होतात. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारी माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. हॅडनच्या भाषेत ही 'होताना'ची उपाययोजना. दिवा स्टेशनवरून सकाळी गाडीत शिरून दाखवा म्हणजे 'होण्याआधी'ची कोणती हवी ते कळेल.

प्रतिबंध सगळ्यात स्वस्त, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी काही जण जखमी होणारच, आणि इथून पुढचं माझ्या कामाचं.

1998 साली चार्ल्स मॉक आणि सहकाऱ्यांनी तीन शहरांतल्या गंभीर जखमींची तुलना छापली. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये 35 टक्के मेले, मेक्सिकोतल्या माँतेरेमध्ये 55 टक्के, घानातल्या कुमासीत 63 टक्के. साधारण सारख्याच इजा, फरक गावाचा. आणि कुमासीत जे मेले त्यातले 81 टक्के रुग्णालयात पोचलेच नाहीत. म्हणजे तिथे उद्या चकचकीत ट्रॉमा सेंटर उभं केलं तरी त्याच्या दारापर्यंत मरणाऱ्या पाचांतला एकच जाणार.

मग रस्त्यावर माणूस कशाने मरतो? डोक्याला प्रचंड मार बसला असेल तर तिथल्या तिथे जातो, त्याला आपण काही करू शकत नाही. उरलेल्यांत दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. एक, श्वासाची वाट बंद होते. बेशुद्ध माणूस उताणा पडला की जीभ मागे पडते, रक्त आणि उलटी घशात साचते, चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. दोन, रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर. नुसतं मांडीचं हाड मोडलं तरी आतल्या आत एक-दीड लिटर जाऊ शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. खुब्याचं कडं, म्हणजे पेल्व्हिस फुटलं तर त्याहून जास्त. दोन लिटरच्या पुढे गेलं की जीव टांगणीला.

याला उपाय कोणत्याही माणसाच्या हातात आहेत, शब्दशः. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला मान आणि पाठ एका रेषेत धरून कुशीवर वळवा, तोंडातलं बाहेर येऊ द्या. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने पूर्ण जोर देऊन दाबा, आणि दाबूनच ठेवा. 'थांबलं का बघू' म्हणून दर मिनिटाला उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. हातापायातून रक्ताची धार लागली आणि दाबूनही थांबेना, तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळून वेळ लिहून ठेवा. सुतळी, वायर नको, ती मांस कापते. पेल्व्हिसचा संशय असेल तर खुब्यांच्या पातळीवर चादर गुंडाळून घट्ट बांधा. पोटात किंवा छातीत घुसलेली सळई उपसू नका. आणि पाणी पाजू नका. आपल्याकडे कुणी पडला की पहिली बाटली पाण्याची येते, माया म्हणूनच येते, पण अर्धवट शुद्धीतल्याच्या ते थेट फुप्फुसात जातं. रबाळेवाल्यांसाठी एक: तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात, ते कापड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात टाकलं की ते गोठून वाया जातं. मी अशी बोटं स्टीलच्या डब्यात बर्फाला चिकटून आलेली पाहिली आहेत.

एवढ्याने खरंच फरक पडतो? उत्तर इराक आणि कंबोडियात, जिथे भूसुरुंगांनी माणसं जखमी व्हायची आणि रुग्णालय तासन् तास लांब असायचं, तिथे हान्स हुसुम या नॉर्वेच्या डॉक्टरने आणि सहकाऱ्यांनी 1996 पासून गावातली माणसं शिकवली: शेतकरी, दुकानदार, गावातले आरोग्य कर्मचारी. पाच वर्षांत जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांच्या आसपास आलं. हेलिकॉप्टर एकही नव्हतं. घानात भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या 335 ड्रायव्हरांना सहा तासांचा प्रथमोपचाराचा वर्ग दिला. नंतर विचारलं तर 61 टक्क्यांनी कुणाला तरी मदत केलेली होती. ड्रायव्हरच का? कारण रुग्णवाहिका कमी असलेल्या शहरात जखमी माणूस येतो तो मिळेल त्या गाडीने. आमच्या कॅज्युअल्टीच्या पायऱ्यांना मी रिक्षा लागलेल्या जितक्या वेळा पाहिल्या तितक्या रुग्णवाहिका नाही पाहिल्या.

महाराष्ट्रात 2014 पासून 108 आहे, 937 गाड्यांनी सुरू झाली, आणि फोन लावायचा तो तिलाच. फक्त पत्ता नीट सांगा. 'घोडबंदरला ॲक्सिडेंट झालाय' याला पत्ता म्हणत नाहीत. ठाण्याकडे येणारी बाजू की बोरिवली-वसईकडे जाणारी, जवळचा नाका कोणता, पुलावर की पुलाखाली, मेट्रोच्या खांबावर नंबर असेल तर तो. चुकीच्या बाजूला आलेली गाडी यू-टर्न शोधत किती पुढे जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

'गोल्डन अवर' हा शब्द सगळे वापरतात. बाल्टिमोरचे सर्जन ॲडम्स काउली यांनी तो रूढ केला आणि आपल्या मोटार वाहन कायद्यातही आता त्याची व्याख्या आहे. पण तो घड्याळाचा तास समजू नका. फाटलेल्या धमनीवाल्याकडे दहा मिनिटंही नसतात.

आता दाराच्या आत. 1976 साली अमेरिकेत जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान नेब्रास्काच्या शेतात पडलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी झाली. गावातल्या रुग्णालयात झालेला उपचार बघून तो हादरला. शेतात आपण एकट्याने केलं त्याहून हे वाईट, असं त्याला वाटलं. त्यातून जखमींवर उपचाराचा ठरलेला क्रम आणि त्याचा अभ्यासक्रम जन्माला आला, तो आज जगभर शिकवतात. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्त, मग मेंदू, मग सगळे कपडे काढून पूर्ण शरीर. क्रम कशाला? कारण डोळा फसतो. हाड बाहेर आलेल्या पायाकडे सगळे धावतात आणि शांत पडलेला, ओठ निळे पडत चाललेला कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर राहतो. ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू आहे, गप्प झालेल्याकडे आधी जा, हे मला माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टरने शिकवलं होतं, स्टायनरचं नाव आम्हा दोघींना माहीत नसताना.

2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक यादी काढली: जखमींसाठी कोणत्या पातळीच्या रुग्णालयात किमान काय हवं. वाचून हसू येतं, इतकी साधी. सक्शन म्हणजे घशातलं रक्त, उलटी ओढून काढायचं मशीन, ऑक्सिजन, मान हलू नये म्हणून गळ्याची पट्टी, पाठ सरळ ठेवायची फळी, छातीत घालायची नळी. ही नळी समजून घ्या. बरगडी फुप्फुसात घुसली की छातीत हवा किंवा रक्त कोंडतं आणि फुप्फुस मिटतं. बरगड्यांमधून एक नळी घालून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं की हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते, परत आत येऊ शकत नाही. एक नळी, एक बाटली, आणि घालता येणारा एक हात. बहुतेकदा कमी पडतो तो हात.

औषधांतलं उदाहरण तर घरचंच. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत अती रक्त जातं तेव्हा बायका ज्या गोळ्या घेतात, तेच. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती यांनी ते शोधलं, बाळंतिणीचं रक्त थांबावं म्हणून. 2010 साली छापलेल्या एका अभ्यासात 40 देशांतल्या 274 रुग्णालयांत, त्यात भारतातलीही होती, वीस हजारांहून जास्त जखमींवर त्याची परीक्षा झाली आणि मृत्यू कमी झाले. अट एकच: इंजेक्शन तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. आता सांगा, इजा किती वाजता झाली हे आमच्या वहीत नीट लिहिलेलं नसेल तर तीन तास मोजायचे कुठून?

तर पुन्हा वही. थायलंडमधल्या खोन केन या शहरातल्या रुग्णालयाने दुसरी वही सुरू केली. प्रत्येक जखमीची नोंद, आणि जो दगावला त्याच्याबद्दल एकत्र बसून एकच प्रश्न: हा वाचू शकला असता का, आणि कुठे अडलं? बोट कुणावर रोखायचं नाही. अडायचं ते फार साधं निघायचं, संपर्काला उशीर, गर्दीच्या वेळी वरिष्ठ सर्जन कॅज्युअल्टीत नसणं. रेडिओ घेतले, ड्युट्या बदलल्या, नव्यांना शिकवलं. जखमींमधले मृत्यू 6.1 टक्क्यांवरून 4.4 टक्क्यांवर आले. नवी इमारत बांधली नाही.

मी हे वाचलं नव्हतं तेव्हा एका पावसाळ्यात माझ्यापुरती डायरी ठेवली होती. काही आठवड्यांत एक गोष्ट दोनदा आली: सक्शनला उशीर. मशीन चांगलं होतं, पण प्लग पॉइंट गंभीर पेशंटच्या बेडपासून लांब, आणि एक्स्टेंशन बोर्ड दरवेळी ड्रेसिंगरूममध्ये. इलेक्ट्रिशियनला चहा पाजून पॉइंट हलवून घेतला. साहेबांना डायरी दाखवली तर म्हणाले, सिस्टर, हे कागदावर ठेवू नका, उद्या कोर्टात जाईल. ते वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, आणि ती भीती जोवर आहे तोवर दुसरी वही कुणी उघडणार नाही.

भीतीचंच रस्त्यावरही आहे. मागच्या महिन्यात वाघबीळ नाक्याच्या स्टँडवर रिक्षावाल्यांशी बोलत होते. एक जण म्हणाला, "सिस्टर, उचलायला काय, उचलतो. मग पोलीस आणि तारखा कोण करणार?" त्याला सांगितलं ते इथेही सांगते. 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, आधी उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आहे: चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, रुग्णालयाने त्याला थांबवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. आणि मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाच्या उपचारांची केंद्राची योजनाही आली आहे.

ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग एकाच्या गमछाची घडी करून दुसऱ्याच्या दंडावर दाबायला लावली. दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर देऊन. "एवढं जोरात? दुखेल त्याला," म्हणे. दुखू दे.

मागे उभा असलेला, तोवर गप्प असलेला, वयाने मोठा एक चालक शेवटी बोलला. "मावशी, ते सगळं खरं. पण मालकाची गाडी आहे. शीटला रक्त लागलं तर दिवसाचं भाडं जातं, आणि डाग काही निघत नाही."

"कशाने धुतोस?"

"गरम पाणी, साबण."

"गरमने पक्का होतो. रक्ताला गार पाणी, आणि ताबडतोब. आणि शीटखाली प्लास्टिकचं मोठं कापड घडी करून ठेव, पावसाळ्यात लागतंच."

त्याने शीट उचलून दाखवली. ताडपत्रीचा तुकडा आधीपासूनच होता.